‘इतर’ वर्गातलं वाहन

टोल चुकवणारी माणसं मी पाहिली आहेत. टोलवरून हमरीतुमरीवर येणारी तर कुठल्याही नाक्यावर दिसतात. पण हातात पैसे धरून, खिडकीत वाकून, ‘घ्या हो माझा टोल, हवं तर ट्रकचा घ्या, पण घ्या’ अशी गयावया करणारा, आणि तरीही ज्याचा टोल कुणी घेईना, असा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे. तो म्हणजे मी.

झालं असं की, बायकोचे मामा परदेशी मुलाकडे निघाले. कायमचे. घर विकून झालं, कपाटं-पलंग ज्याला हवे त्याला देऊन झाले, आणि विमानाचं तिकीट हातात आलं. मामा खाडीपलीकडे राहायचे. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे राहतात. मध्ये दिवसभराचा रस्ता आणि एक पूल. सासूबाईंना धाकट्याला जाण्याआधी एकदा डोळे भरून पाहायचं होतं.

अडचण एकच होती. सासूबाईंना परक्या अंथरुणावर झोप येत नाही. आवडत नाही असं नव्हे, डोळ्याला डोळाच लागत नाही. एका लग्नात त्यांनी हॉटेलच्या खोलीत अख्खी रात्र खुर्चीत बसून काढली होती आणि सकाळी सगळ्यांना ‘झोप झाली का?’ असं विचारलं होतं. मामांच्या घरात तर आता पाठ टेकायला सतरंजीसुद्धा उरली नव्हती.

“नसेल जमत तर राहू दे ताई,” मामा फोनवर म्हणाले. “मीच आलो असतो, पण इथून पाय निघत नाही बघ.”

सासूबाई “बरं” म्हणाल्या, फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसल्या. त्या दिवशी त्यांनी भाजी इतकी निवडली की शेवटी ताटात नुसती देठं राहिली.

ते बघून मी सहज बोलून गेलो, “आपण आईंचं अंथरूणच बरोबर नेलं तर?”

हा विनोद होता. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझे विनोद बायकोला विनोद म्हणून कळत नाहीत, सूचना म्हणून कळतात. तिच्या बँकेतल्या एका बाई कॅम्पर ट्रेलर विकायला काढून बसल्या होत्या. पुढच्या रविवारी तो आमच्या फाटकात उभा होता. पांढरा, चौकोनी, दोन चाकांवरची एक खोलीच म्हणा ना. आत एक गादी, एक शेगडी, एक नळ आणि दोन खिडक्या. त्याला इंजिन नव्हतं. गाडीच्या मागे अडकवून ओढायचा.

आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. सगळी इमारत त्यांना ‘साहेब’ म्हणते. ते कुठल्या खात्याचे साहेब होते हे कुणालाच माहीत नाही, पण बोलण्यावरून सगळ्याच खात्यांचे असावेत. ते ट्रेलरभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, “फ्रिज आडवा का आणलात?”

सासूबाईंनी आत जाऊन पाहणी केली. आतली गादी काढून स्वतःची घातली, उशी ठेवली, चादर ताणून बसवली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “जावईबापू, सगळं छान आहे. फक्त ही खिडकी पूर्वेला पाहिजे होती.”

मी शाळेत भूगोल शिकवतो. मी त्यांना समजावलं, की आई, ही खोली वळते, त्यामुळे खिडकी कुठेही जाऊ शकते. मात्र ती कायम पूर्वेला हवी असेल तर मला जन्मभर उत्तरेकडेच गाडी हाकावी लागेल.

“मग हाका की,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला तरी दुसरीकडे कुठे जायचंय?”

आमचं एकमेकांशी बोलणं साधारण असंच चालतं. त्या मला कधी वावगं बोलत नाहीत. पण माझ्या हातून एखादं काम धड होईल अशी आशाही त्यांनी लग्नानंतर लवकरच सोडून दिली होती.

आता प्रश्न टोलचा. रस्त्यावर एक नाका आणि पुलावर एक. ट्रेलरला टोल किती, हा साधा प्रश्न मी जिन्यात विचारला आणि चूक केली. साहेब म्हणाले, “टोल चाकांवर असतो. मोजा तुमची चाकं. झालात तुम्ही ट्रक.” समोरच्या वहिनी दारातून म्हणाल्या, “छे हो, टोल इंजिनावर असतो. आमच्या भावाने नाव ओढून नेली होती, एक पैसा घेतला नाही.” त्यावर साहेबांनी, नावेला चाकं नसतात हे निदर्शनास आणलं. वहिनी म्हणाल्या, ती काय खांद्यावरून नेली होती का? मग त्या दोघांचं बराच वेळ नावेवरून चाललं, आणि मी हळूच वर सटकलो.

मदतवाहिनीला फोन केला. एका गोड आवाजाने कारसाठी एक दाबा, बससाठी दोन दाबा, ट्रकसाठी तीन दाबा असं सांगितलं. मी आधी एक दाबलं, मग तीन दाबलं, मग दोन्ही एकदम दाबून पाहिले. शेवटी एक जिवंत माणूस आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सर, तुम्ही प्रत्यक्ष नाक्यावर विचारा ना.”

तर आम्ही प्रत्यक्ष नाक्यावर निघालो. सासूबाई मागच्या सीटवर, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. बायको माझ्या शेजारी. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायला परवानगी नाही, हे मी सासूबाईंना निक्षून सांगितलं होतं. सासूबाईंची नवीन साडी, नीट विंचरलेले केस. मामांनी तासाभरात तीनदा फोन केला. “कुठवर आलात?” “निघालोच आहोत मामा.” “तेच विचारतोय, कुठवर निघालात?”

पहिल्या नाक्यावर मी कारच्या रांगेत शिरलो. खिडकीतल्या माणसाने मान बाहेर काढून मागे पाहिलं. “हे मागचं काय आहे?”

“ट्रेलर.”

“मग अवजड वाहनांच्या रांगेत जा.”

अवजड रांगेची खिडकी ट्रकवाल्यांच्या उंचीची होती. आमच्या छोट्या गाडीतून मला फक्त खिडकीची खालची कड आणि आकाश दिसत होतं. मी दार उघडून, एक पाय सीटवर आणि एक पाय दाराच्या कडेवर ठेवून उभा राहिलो आणि पैसे वर धरले. वरून आवाज आला, “कोण बोलतंय?”

“मी. इथे. खाली.”

वरून एक चष्मा खाली वाकला. त्याने माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिलं. “अहो, ही कार आहे. कारच्या रांगेत जा. मागे घ्या.”

मागे घ्या! या दोन शब्दांत जगातलं किती दुःख भरलंय हे ज्याने ट्रेलर ओढला त्यालाच ठाऊक. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. उजवीकडे फिरवलं की डावीकडे. आणि काहीच फिरवलं नाही तर त्याला वाटेल तिकडे. मी मागे घ्यायला लागलो तेव्हा ट्रेलर हळूहळू वळत माझ्या खिडकीशी आला आणि आत डोकावला. मागच्या ट्रकवाल्यांनी आधी हॉर्न वाजवले, मग खाली उतरले आणि मग सगळेच मला एकदम शिकवायला लागले. एक म्हणे डावीकडे मार, दुसरा म्हणे उजवीकडे, तिसरा नुसताच “अरे बापरे, अरे बापरे” म्हणत होता. शेवटी त्यांनी ट्रेलर सोडवला, हातांनी ढकलत बाजूच्या रांगेत नेला, मी गाडी तिथे नेली आणि त्यांनी तो पुन्हा अडकवून दिला.

हे सगळं होईतो सासूबाई मागच्या सीटवर जशाच्या तशा बसून होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, “असंच मागे मागे जायचं असेल तर संध्याकाळपर्यंत आपण घरी पोचू, नाही का?”

कारच्या रांगेतल्या माणसाने या वेळी कंटाळून कारचा टोल घेतला आणि सोडलं. मला वाटलं, जिंकलो.

खाडीवरच्या पुलाचा नाका आला तेव्हा दुपार कलली होती. रांग इतकी लांब की पुढे काय आहे ते दिसेना. रांग हलेना तशी सासूबाई चुळबुळायला लागल्या. “पाठ अवघडली. उभीच आहे ना गाडी? मी जरा मागे आडवी होऊन येते.” मीही थकलो होतो. उभ्या ट्रेलरमध्ये बसायला हरकत नसावी, असं म्हणून त्यांना आत पोचवलं, दार लावलं आणि परत येऊन सीटवर टेकलो. त्याच क्षणी पुढची सगळी रांग भसाभस सुटली आणि मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना. मी गाडी पुढे घेतली.

“अहो, आई मागे आहे!” बायको म्हणाली.

“नाक्यापर्यंतच तर जायचंय.”

या नाक्यावर यंत्र होतं. त्याने गाडीच्या काचेवरचं टोलचं स्टिकर वाचलं, आडवा दांडा वर गेला, आणि मी पुढे सरकलो. गाडी पलीकडे गेली. यंत्राच्या दृष्टीने काम झालं होतं. दांडा खाली आला. आला तो नेमका गाडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये. आम्ही नवराबायको पलीकडे, सासूबाई अलीकडे. लाल दिवा लागला आणि भोंगा वाजायला लागला.

खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. ती पडद्याकडे बघून ओरडली, “सर, टोल न भरलेलं वाहन आलंय! ड्रायव्हर नाही!”

एवढ्यात ट्रेलरचं दार उघडलं. सासूबाई पदर सावरत पायरीवर आल्या आणि म्हणाल्या, “आलं का?”

“सर, ड्रायव्हर आहे!” मुलगी म्हणाली, आणि मग नरम आवाजात, “आजी, तुमची गाडी पुढे घ्या ना जरा.”

“मला येत असती तर यांच्यावर कशाला विसंबले असते?” सासूबाई म्हणाल्या.

नाक्याचे मुख्याधिकारी आले. दांडा हाताने वर करून त्यांनी आमची वरात बाजूच्या मोकळ्या जागेत उभी करायला लावली. माणूस शांत आणि सभ्य. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हा माझा जुना त्रास आहे. त्यांनी दरांचा फलक मला वाचून दाखवला. कार. बस. ट्रक. क्रेन आणि रोड रोलर. आणि सगळ्यात खाली, इतर.

“ट्रकचा टोल घ्या,” मी पैसे पुढे केले.

“हा ट्रक नाही. ट्रक नसलेल्याकडून ट्रकचा टोल घेतला तर माझी नोकरी जाईल.”

“मग कारचा घ्या.”

“कारमागे नुसता ट्रेलर असता तर घेतलाही असता. पण त्यात माणूस होता. माणूस असला की प्रवासी वाहन.”

“मग बसचा घ्या!”

“बसला इंजिन लागतं. तुम्ही ‘इतर’मध्ये येता. ‘इतर’चा दर मुख्य कार्यालय ठरवतं. मी फोन लावलाय, तिथले साहेब जेवायला गेलेत.”

“ट्रेलर इथेच ठेवतो. गाडी तेवढी सोडा.”

“दोन्हींची नोंद एकच झालीय. अर्धं वाहन पुलावर सोडलं तर उरलेलं अर्धं मी कुणाच्या नावावर दाखवू?”

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हणालो, तुम्हाला कल्पना आहे का आम्ही कशासाठी निघालोय? एक बहीण आपल्या भावाला शेवटची... म्हणजे तशी शेवटची नव्हे, पण तो उद्या पहाटे जाणार आणि ही त्याच्यापासून फक्त एका पुलाएवढी लांब! मी मुलांना शिकवतो की पूल दोन काठांना जोडतो; आता शाळेत जाऊन काय सांगू, की पूल हा वर्गवारीप्रमाणे जोडतो? भाषण चांगलं झालं असावं, कारण खिडकीतली मुलगी काम थांबवून ऐकत होती. मुख्याधिकाऱ्यांचेही डोळे पाणावल्यासारखे झाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “खरं आहे तुमचं. साहेब जेवून आले की लगेच सांगतो.”

मी परत आलो. सासूबाई ट्रेलरच्या पायरीवर बसल्या होत्या आणि खाडीपलीकडे बघत होत्या. पलीकडच्या काठावरच्या इमारती उन्हात स्पष्ट दिसत होत्या. फोन त्यांच्या हातात होता. मामा काहीतरी विचारत असावेत, कारण त्या म्हणत होत्या, “नाही रे, आलेच आहे. इथून तुझ्याकडचं सगळं दिसतंय.” फोन बंद करून त्या तशाच बसून राहिल्या. त्यांना असं बसलेलं पाहून मला माझ्या भाषणाची लाज वाटली.

मग त्या उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन त्या मुलीला म्हणाल्या, “पोरी, चालत जाणाऱ्याला किती टोल?”

“चालणाऱ्याला नाही हो आजी. तिकडे कडेने पदपथ आहे.”

“आई, पूल केवढा लांब आहे!” बायको म्हणाली. “तुझे गुडघे?”

“तो पलीकडून निघेल. अर्धा माझ्या वाट्याला.” त्यांनी मामांना फोन लावला. “धाकट्या, पुलावर ये. नाही, गाडी नको. चालत ये.”

बायकोने ट्रेलरजवळ थांबायचं ठरलं. मी ट्रेलरमधल्या दोन घडीच्या खुर्च्या दोन्ही खांद्यांना अडकवल्या. सासूबाईंनी संत्र्यांची पिशवी घेतली. आम्ही निघालो. थोडं चाललं की खुर्ची उघडायची, त्या बसायच्या, मी उभा राहायचो, मग पुन्हा निघायचं. खाली पाणी हिरवट आणि संथ होतं. शांतता फार झाली म्हणून मी खाडी कशी तयार होते ते सांगायला लागलो.

“भरती येते तेव्हा समुद्राचं पाणी आत—”

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “मी तिकडेच लहानाची मोठी झाले.”

त्या थोडं चालून म्हणाल्या, “तरी सांगा. छान सांगता.”

मी सांगत राहिलो. पुलाच्या मध्यावर समोरून एक उंच, वाकलेले गृहस्थ काठी टेकत येताना दिसले. ओळखू आल्यावर त्यांनी काठी वर करून हलवली, त्यामुळे त्यांचा तोल गेला आणि सासूबाई इकडूनच ओरडल्या, “अरे, पडशील!” मग दोघं समोरासमोर उभी राहिली. मला वाटलं होतं रडारड होईल. सासूबाईंनी त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, “वाळलास.” मामा म्हणाले, “तू उशीर केलास.” मी खुर्च्या उघडून कठड्याला लागून ठेवल्या. दोघं बसली.

लगेच शिट्टी वाजली. पुलाचा पहारेकरी लगबगीने आला. “पुलावर उभं राहायला मनाई आहे!”

इतका वेळ नियम ऐकून ऐकून मीही तयार झालो होतो. “उभं राहायला ना? ते बसलेत.”

पहारेकरी विचारात पडला. त्याने दोघांकडे पाहिलं. मामा काहीतरी सांगत होते आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांना असं हसताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. तो हळू आवाजात म्हणाला, “बसण्याबद्दल काही लिहिलेलं नाही, हे खरं.” मग माझ्याकडे वळला. “पण तुम्ही उभे आहात. तुम्ही चालत राहा.”

मी चालत राहिलो. दिव्याच्या एका खांबापासून पलीकडच्या खांबापर्यंत आणि परत. पहारेकरी लांबून येणाऱ्या सायकलवाल्यांना खुर्च्यांना वळसा घालून जायला सांगत होता. प्रत्येक फेरीत मला त्यांच्या बोलण्यातलं एखादं वाक्य मिळे. “...आणि तू आईला सांगितलंस की मांजराने खाल्लं!” पुढच्या फेरीला, “...तिकडे म्हणे सकाळी आठपर्यंत अंधार असतो.” मग, “...फोनवर रोज नको, पैसे जातात. पण रोज कर.” एका फेरीला दोघं नुसती पाण्याकडे बघत होती. तेव्हा मी जरा जास्तच लांब चालून आलो.

अशात ओळखीचा हॉर्न वाजला. आमची गाडी आमच्या ट्रेलरसकट पुलावरून येत होती आणि स्टिअरिंगवर बायको होती. “आत आता माणूस नाही ना!” ती काचेतून ओरडली. “कार म्हणून सोडलं! पलीकडे थांबते!” पुलावर थांबायला मनाई असल्यामुळे ती तशीच पुढे गेली. त्या बाजूच्या जागेतून निघायला ट्रेलर मागे घ्यावा लागला असणार, हे माझ्या ती दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं. तो तिने कसा घेतला हे मी अजून विचारलेलं नाही.

पुढच्या फेरीला मामा माझ्याकडे काठी दाखवत विचारत होते, “ताई, हा तुझा जावई असा येरझारा का घालतोय?”

“घालू दे,” सासूबाई संत्रं सोलता सोलता म्हणाल्या. “माझा जावई ना...”

मी पाऊल रेंगाळवलं. शिट्टी वाजली. मला पुढे जावं लागलं. त्या खांबापर्यंत मी जवळजवळ धावत गेलो आणि तसाच परत आलो, पण तोवर बोलणं विमानात खायला काय देतात यावर गेलं होतं. मी त्यांच्या खुर्चीजवळून जाताना सासूबाईंनी मामांशी बोलत, माझ्याकडे न बघताच हात बाजूला धरला. तळहातावर संत्र्याच्या फोडी होत्या, शिरा काढून साफ केलेल्या. मी त्या घेतल्या आणि चालता चालता खाल्ल्या. थांबायला मनाई होती.